३५० मिमी आरशाचे बायपॉड: प्रकल्प नोंदी

११ मार्च २०२४

अंतराळ दुर्बिणीच्या आरशाच्या आधाराचं काम आजपासून माझ्याकडे. आरसा झेरोडूरचा (तापमानानं जवळजवळ न फुगणारी काच), व्यास ३५० मिमी, कडेची जाडी ३४ मिमी. सबंध ठेवला तर आठ किलोच्या वर जातो. मागून षट्कोनी खिसे पोखरून चार किलोवर आणायचं ठरलं आहे. खिसे पोखरले की ताठपणाही कमी होतो, आणि त्याची भरपाई आधार करणाऱ्यानेच करायची असते असं सगळे धरून चालतात.

ऑप्टिक्सच्या ताईंनी बजेट दिलं. पृष्ठभागाची एकूण चूक १२ नॅनोमीटर आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं मूळ). त्यातले १० पॉलिशिंगचे, ४ गुरुत्वाकर्षण वजा करण्यातल्या अनिश्चिततेचे, आणि मला ३. वर्गांची बेरीज करून मूळ काढलं तर ११.२ होतात, म्हणजे हाताशी फार काही उरत नाही. "तीन खूप आहेत, जपून वापरा," ताई म्हणाल्या.

या तीनमध्ये बसवायचं काय काय? कक्षेत तापमान २० अंशांच्या पट्ट्यात हलणार, पायाचा, म्हणजे आधार ज्यावर बसतो त्या बैठकीचा, धातू फुगणार-आकसणार. प्रक्षेपणाच्या वेळी चाळीस 'जी'चा (वजनाच्या चाळीस पट) भार, म्हणजे चार किलोच्या आरशावर सुमारे १५७० न्यूटन. डिंक सुकताना आकसणार. आणि जोडणी माणसं करणार.

१९ मार्च

रचनेवर वाद झाला नाही, तीन बायपॉड. मोकळ्या वस्तूला सहा स्वातंत्र्यं असतात: तीन सरकण्याची, तीन वळण्याची. बायपॉड म्हणजे उलट्या व्ही आकाराचे दोन पाय. तो दोन स्वातंत्र्यं अडवतो, एक आरशाच्या अक्षाच्या दिशेचं आणि एक परिघाच्या स्पर्शरेषेचं. त्रिज्येच्या दिशेनं तो लवतो. कडेला १२० अंशांवर असे तीन लावले की बरोबर सहा बंधनं होतात. सातवं बंधन आलं तर पाया वाकेल तसा आरसाही वाकेल. सहाच असतील तर पाया वाकला तरी आरसा अख्खाच्या अख्खा थोडा कलतो, त्याचा आकार बिघडत नाही. कलणं आम्हाला चालतं, ते दुय्यम आरशाच्या बाजूनं जुळवून घेता येतं.

जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीची ऐट वेगळी. तिच्या १८ षट्कोनी तुकड्यांपैकी प्रत्येकामागे सात ॲक्च्युएटर (मोटरवर हलणारे दट्टे) आहेत: सहा जागा बदलण्यासाठी आणि सातवा वक्रता बदलण्यासाठी. वर गेल्यावर जुळवणी करायची सोय. आमच्या आरशामागे एकही मोटर नाही. जमिनीवर जे राहील तेच वर जाईल.

एक तपशील आजच ठरवून टाकला. दोन्ही पायांच्या रेषा वर जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू आरशाच्या गुरुत्वमध्याच्या पातळीत हवा. तो खाली-वर झाला तर आडव्या भारात आरशाच्या कडेला पीळ बसतो.

२६ मार्च

पायाचा धातू. पाटीवर हिशेब मांडला, त्रिज्या १७५ मिमी, तापमानातला फरक २० अंश, झेरोडूरचं प्रसरण शून्य धरून. ॲल्युमिनियम असेल तर पाया त्रिज्येत ८० मायक्रॉन सरकतो, टायटॅनियम असेल तर ३०, इन्व्हार (लोखंड-निकेलचा, फार कमी फुगणारा मिश्रधातू) असेल तर पाच मायक्रॉनहूनही कमी.

इन्व्हार घ्यावं असं पहिल्याच दमात वाटतं. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हीआयटी या अतिनील उपकरणाच्या दुर्बिणींत महत्त्वाचे भाग इन्व्हारचे आहेत, आणि उपग्रहाशी जोडणारा शंकू टायटॅनियमचा. पण इन्व्हारची घनता ८ च्या वर, म्हणजे टायटॅनियमच्या जवळजवळ दुप्पट. गंजतं, त्यामुळे मुलामा द्यावा लागतो. आणि मऊ अवस्थेत त्याची यील्ड मर्यादा (कायमचं वाकण्याआधी सोसता येणारा ताण) टायटॅनियमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच येते. बायपॉडच्या पायांत लवणारी पातळ पाती करायची तर तो धातू नको.

सरांचं म्हणणं, ॲल्युमिनियम का नको? बाकीचा बेंच (सगळे भाग ज्यावर बसतात तो सांगाडा) ॲल्युमिनियमचाच आहे, स्वस्त आहे, इथे कुठेही कातून मिळतं. त्यांना आकडा देतो म्हटलं, आधी पात्यांचा कडकपणा ठरू दे.

(सिलिकॉन कार्बाइडचा विषयही निघाला. युरोपच्या गाया अंतराळ मोहिमेत आरसे आणि त्यांचा सांगाडा दोन्ही त्याच पदार्थाचे, त्यामुळे सगळं एकत्रच फुगतं-आकसतं. सुंदर उपाय आहे. आमच्या पैशांत बसत नाही. पुढे.)

४ एप्रिल

आज पात्यांवर दिवस गेला, आणि चांगला गेला.

पातं टायटॅनियमचं (ग्रेड ५), लांबी १० मिमी, रुंदी ८ मिमी. जाडी किती? जाडीचा परिणाम घनात होतो. ०.५ मिमी जाडीचं एकच पातं दोन्ही टोकांना कडक धरून आडवं ढकललं तर एका मिलिमीटरला ११४ न्यूटन लागतात. जाडी दुप्पट केली की ९१२. म्हणजे नुसतं एक पातं ठेवलं तर टायटॅनियमच्या पायाच्या ३० मायक्रॉनलाही आरशाच्या कडेला साडेतीन न्यूटनचा रेटा बसतो. हे फार झालं.

म्हणून प्रत्येक पायाला एक पातं न ठेवता वर-खाली दोन बिजागऱ्या, मधला भाग जाड आणि ताठ. बिजागऱ्यांमधलं अंतर ४० मिमी. आता पातं सरकत नाही, नुसतं वळतं. ०.६ मिमी जाडीला एका बिजागरीचा वळणकडकपणा सुमारे १६४० न्यूटन-मिमी प्रति रेडियन येतो, आणि सगळा पाय आडवा ढकलायला एका मिलिमीटरला फक्त दोन न्यूटन पुरतात. ३० मायक्रॉनला ०.०६ न्यूटन. प्रत्येक बिजागरी दोन्ही दिशांना वळली पाहिजे, म्हणून एकमेकींना काटकोनात दोन पाती.

रेटा गेला, पण मोमेंट (वाकवणारा पीळ) उरला. ३० मायक्रॉन भागिले ४० मिमी म्हणजे ०.७५ मिलिरेडियन, त्यातून १.२ न्यूटन-मिमी प्रत्येक पायाच्या माथ्यावर. आरशाला वाकवतो तो हाच. यापुढे सगळा हिशेब न्यूटनमध्ये न ठेवता न्यूटन-मिमीमध्ये.

९ एप्रिल

पाती पातळ करायचा मोह आवरायला लावते ती प्रक्षेपणाची बाजू. पाय उभ्या रेषेपासून ३० अंशांवर कलते ठेवले तर अक्षाच्या दिशेच्या भारात प्रत्येक पायावर ३०० न्यूटन येतात. ते ठीक आहे. पण आडव्या भारात वाईट दिशा पकडली तर एकाच बायपॉडवर दोन-तृतीयांश भार जातो, १०४७ न्यूटन, आणि ३० अंशांवर तो तसाच्या तसा प्रत्येक पायात उतरतो. ०.५ मिमीचं पातं हाताच्या पहिल्या अंदाजानुसार ९३८ न्यूटनला दुमडतं. म्हणजे रॉकेटनं जमीन सोडताच खेळ संपला.

पाय ४५ अंशांवर आणले की आडव्या भारात ७४० न्यूटन आणि अक्षाच्या भारात ३७०. सोबत पातं ०.६ मिमी केलं की दुमडण्याची मर्यादा १६२० वर जाते, सुरक्षा गुणक २.२. आम्हाला २ हवा होता. ठरलं: ४५ अंश, ०.६ मिमी. दुमडण्याचं खरं उत्तर फाइनाइट एलिमेंटमधून (संगणकावरच्या मॉडेलमधून) येईल, पण आकडा हातानं निघत नसेल तर मॉडेलवर माझा विश्वास बसत नाही.

आडवी नैसर्गिक वारंवारता हाताच्या हिशेबात ३३८ हर्ट्झ. डिंक, पॅड, पाया यांची लवचिकता धरली की उतरेल. हवी होती १५० च्या वर.

२ मे

मॉडेल उभं राहिलं. सगळ्या पायांच्या माथ्यांवर एकेक न्यूटन-मिमी लावला की आरशाच्या पृष्ठभागावर साधारण ०.४ नॅनोमीटर आरएमएस उमटतो. तिन्ही बायपॉडवर सारखा असेल तर तीन पाकळ्यांचा ट्रेफॉइल, कमी-जास्त असेल तर ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे दोन दिशांना वेगवेगळी वक्रता.

आता सरांना आकडा: पाया टायटॅनियमचा असेल तर तापमानामुळे ०.५ नॅनोमीटर, ॲल्युमिनियमचा असेल तर १.३. ॲल्युमिनियम अगदीच हद्दपार होत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. सरांचा चेहरा खुलला.

मग त्याच मॉडेलमध्ये जोडणीच्या चुका घातल्या. प्रत्येक पाय त्रिज्येत ०.१ मिमी चुकीच्या जागी बसला आणि तसाच स्क्रूनं आवळला, तर बिजागरी अडीच मिलिरेडियन वळलेल्या अवस्थेत कायमची अडकते. ४.१ न्यूटन-मिमी, १.६ नॅनोमीटर. कक्षेतल्या २० अंशांच्या तिप्पट. शिवाय बायपॉडच्या पायाचा तळवा २० मिमीत १० मायक्रॉन तिरका असेल तर आणखी ०.३. आणि ०.१ मिमी म्हणजे काही फार नाही, चार भागांच्या टॉलरन्सची (मापातल्या सुटीची) बेरीज केली की सहज होते.

आमची आजवरची सगळी चर्चा अंतराळाबद्दल होती: थंडी, ऊन, कंपनं. बजेटचा मोठा घास घेणार आहे ती ॲलन की, स्क्रू आवळायची साधी चावी. हे बैठकीत असंच बोललो, थोडं हसू झालं, पण पायाचा धातू टायटॅनियम ठरला. ॲल्युमिनियमला द्यायला नॅनोमीटर शिल्लक नाहीत.

२१ मे

जोडणीचा क्रम उलटा करायचा प्रस्ताव लिहिला. नेहमीची रीत अशी: इन्व्हारचं पॅड आधी आरशाच्या कडेला चिकटवायचं, सुकू द्यायचं, मग बायपॉड, मग पाया, शेवटी स्क्रू आवळायचे. शेवटचा स्क्रू आवळताना आधीच्या सगळ्या चुका पात्यांत कोंबल्या जातात.

त्याऐवजी पाया, बायपॉड, पॅड हे सगळं धातूचं काम आधी पूर्ण आवळायचं. आरसा मधोमध जिगवर (जोडणीसाठी धरून ठेवणाऱ्या चौकटीवर), कशालाही न टेकता. पॅड आणि काच यांच्यात ०.१५ मिमी फट. पॅडच्या मध्यावर बारीक भोक, त्यातून सिरिंजनं ईपॉक्सी भरायचं. जी काही चूक असेल ती फटीच्या जाडीत मावेल, पात्यांत जाणार नाही. ही युक्ती जुनीच आहे. अट एकच: डिंक सुकल्यावर तो पाया पुन्हा कधी उघडायचा नाही. बेंचवाल्यांना ही अट पचायला वेळ लागेल.

१८ जुलै

डिंकाच्या चाचण्या. थ्रीएमचं २२१६ घेतलं. अंतराळातल्या कामांत जुना, ओळखीचा डिंक, थोडा लवचिक. साध्या खोलीच्या तापमानाला पूर्ण पक्का व्हायला सात दिवस. ऊब देऊन दोन तासांतही होतो, पण मग गरम अवस्थेतलं आकारमान पक्कं होतं आणि थंड झाल्यावर ताण उरतो. सात दिवसच.

पॅड २० मिमी व्यासाचं गोल. १०४७ न्यूटन त्यावर पडले तर ३.३ मेगापास्कल. डिंकाला काही नाही, काळजी काचेची. काच ताणात कुठल्या सूक्ष्म भेगेतून फुटेल सांगता येत नाही, म्हणून पॅडची जागा घासल्यावर आम्लानं एच करून घ्यायची, म्हणजे घासण्यानं पडलेल्या भेगा निघून जातात.

बाहेर पुण्याचा पाऊस, खिडकीपाशी आर्द्रता ८५. स्वच्छ खोलीत ५० च्या आत ठेवतो आहोत तरी धाकधूक. ईपॉक्सी ओलावा पितं आणि किंचित फुगतं, वर निर्वातात तो ओलावा सुटला की परत आकसतं. कार्बन फायबरच्या सांगाड्यांनाही हाच त्रास. नमुने वजन करून निर्वात भट्टीत घातलेत. नियम असा की २४ तासांत १२५ अंशांना वस्तुमानातली घट १ टक्क्याच्या आत आणि थंड पृष्ठभागावर बसणारी वाफ ०.१ टक्क्याच्या आत हवी. आरशावर बसेल ती हीच वाफ.

६ ऑगस्ट

नमुने पास. ताणून तोडले तेव्हा डिंक काचेवरून न सुटता मधोमध फाटला. असंच हवं होतं.

११ ऑक्टोबर

बायपॉड भोसरीहून आले. उद्या दसरा, त्यामुळे वायरकटचं (तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणारं) मशीन आज दुपारीच पुसून झेंडूसाठी तयार होतं आणि काकांनी आमचं काम त्याआधी उरकून दिलं. प्रत्येक बायपॉड एकाच ठोकळ्यातून कापलेला, मध्ये कुठेही सांधा नाही. सांधा आला की तो मायक्रॉनच्या हिशेबात घसरतो आणि परत मूळ जागी येत नाही.

काकांना पात्याची जाडी दिलेल्या मापावर कमी-जास्त ०.०२ मिमी मागितली होती. ते म्हणाले, "साहेब, एवढ्याशा पट्टीला एवढं काय?" जाडी घनात लागते, ०.०२ वाढली तर कडकपणा दहा टक्क्यांनी वाढतो, हे सांगितल्यावर त्यांनी शेवटची कापणी हळू फिरवली. मोजली, सगळी आत आहेत.

वायरकटनं टायटॅनियमच्या अंगावर वितळून पुन्हा गोठलेला कडक थर राहतो. त्यात बारीक भेगा असतात, कंपनात तिथूनच पातं तुटायला लागतं. तो थर आम्लात काढावा लागतो, म्हणून कापतानाच पाती थोडी जाड ठेवून घेतली होती. एचिंगनंतर पुन्हा मोजायची आहेत. पात्यांच्या टोकांच्या गोलाया भिंगाखाली पाहिल्या, ठीक.

२५ नोव्हेंबर

नमुना आरसा दोन्ही रीतींनी बसवून पाहायचं सरांनी मान्य केलं होतं. (डिंक ऊब देऊन सोडवता येतो, आरसा वाया जात नाही.) आधी नेहमीची रीत: बसवण्यापूर्वी आणि नंतरच्या पृष्ठभागाच्या नकाशांतला फरक ४.४ नॅनोमीटर, बहुतेक ॲस्टिग्मॅटिझम. एक पाय सैल करून पुन्हा आवळला की नकाशा बदलतो. टॉर्क तोच, तरी बदलतो, कारण स्क्रू फिरताना तळव्याला घर्षणानं सोबत ओढतो.

आता जिगमध्ये बायपॉड दोन्ही बाजूंनी धरायला पकडी केल्या आहेत. स्क्रूचा पीळ पकडीत जातो, पात्यात नाही.

१२ डिसेंबर

उलट्या क्रमानं जोडून सात दिवस झाले. आज मोजमाप.

आरसा आडव्या अक्षानं धरला की स्वतःच्या वजनानं त्याचा आकार बदलतो, आणि कक्षेत ते वजन नसणार, म्हणून ते वजा करायचं. आरसा माउंटसकट अक्षाभोवती १२० अंशांनी फिरवत तीन जागी मोजला आणि आरशाच्या चौकटीत सरासरी काढली, की गुरुत्वाचा वाटा शून्य होतो, कारण तीन दिशांची बेरीजच शून्य. पण इंटरफेरोमीटरचा (प्रकाशलहरींनी पृष्ठभाग मोजणाऱ्या यंत्राचा) स्वतःचा दोष प्रयोगशाळेत जागच्या जागी असतो. तीन जागांच्या सरासरीत त्याचा तीन पाकळ्यांचा भाग तसाच उरतो. आणि आमच्या आधाराचा दोषही नेमका तीन पाकळ्यांचा! कोणाचा कोणता हे कळायला मार्ग नाही. म्हणून ६० अंशांनी सहा जागा घेतल्या. वेळ दुप्पट लागतो, ताईंची कुरकुर ऐकावी लागते, पण त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

फरक १.८ नॅनोमीटर. इंटरफेरोमीटरची पुनरावृत्ती १ च्या आसपास आहे, तेव्हा खरं उत्तर याच्याहून थोडं कमीच असावं.

ताईंनी दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीनंही मोजायचं ठरवलंय, ऑटोकोलिमेशननं, म्हणजे समोरच्या सपाट आरशावरून प्रकाश आल्या वाटेनं परत पाठवून. वेळापत्रकवाल्यांना हे अनावश्यक वाटलं. हबलच्या मुख्य आरशाची कड २.२ मायक्रॉननं जास्त घासली गेली होती, कारण चाचणीच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिमी चुकीच्या जागी बसलं होतं. दुसऱ्या साध्या उपकरणानं गडबड दाखवली होती आणि ती बाजूला सारली गेली. ताईंनी एवढं सांगितलं आणि तारीख मिळवली.

९ जानेवारी २०२५

कंपन चाचणी. सुरुवातीला हलक्या साइन स्वीपमध्ये (वारंवारता हळूहळू वाढवत हलवणं) आडवी वारंवारता २८१ हर्ट्झ (मॉडेल २९०). मग रँडम, म्हणजे अनियमित कंपन, तिन्ही अक्षांत. मग पुन्हा तोच हलका स्वीप. २८०. पाच टक्क्यांहून जास्त घसरली असती तर डिंक किंवा पातं कुठेतरी सुटलं असं धरावं लागलं असतं. स्क्रू फिरला तर कळावं म्हणून ओढलेल्या लाल रेघा जागच्या जागी.

१७ जानेवारी

कंपनानंतरचं मोजमाप आणि निर्वात टाकीत १० व ३० अंशांना मोजमाप, दोन्ही झालं. कंपनामुळे झालेला बदल पुनरावृत्तीच्या आत. २० अंशांत ट्रेफॉइल ०.७ नॅनोमीटरनं हलला, हिशेब ०.५ चा होता. एवढ्या लहान आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, मोजणाऱ्या यंत्राचंच पाऊल त्याहून मोठं.

बेंचवाल्यांनी आज विचारलं की उड्डाणाचा आरसा बसवल्यावर केबल ओढायला पाया तात्पुरता सोडवला तर चालेल का. नाही. केबलची वाट पायाला वळसा घालून काढायची, तसं चित्र सोमवारपर्यंत त्यांना द्यायचं आहे. पायात डॉवेल पिनांची (जागा पक्की करणाऱ्या खिळ्यांची) भोकं जोडणीच्या वेळीच जागेवर पाडायची, हे उड्डाणाच्या कार्यपद्धतीत टाकलं. एचिंगनंतर पात्यांच्या जाडीचा तक्ता अजून यायचा आहे, तो आल्याशिवाय उड्डाणाचे बायपॉड जिगवर चढणार नाहीत.